परभणीहून चौघांना मे महिन्यात श्रीनगरला जायचंय. विमानाचं तिकीट स्वस्तात कसं पडेल?

रामराम. तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं आणि सात व अकरा वर्षांची दोन लेकरं मेमध्ये काश्मीरला जाणार आहात, तर कोणत्या अ‍ॅपवर तिकीट सगळ्यात स्वस्त मिळतं आणि तीन महिने आधी काढून ठेवावं का. मीही परभणीचाच. घरच्यांची आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांची तिकिटं माझ्याकडूनच निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपचं शेवटी बघू, त्यात फार काही नाही. मराठवाड्यातल्या माणसाचे पैसे वाचतात किंवा जातात ते विमानात कुठून बसायचं हे ठरवताना. मुंबईच्या माणसाला तिकिटाचा दर म्हणजेच प्रवासाचा खर्च. आपल्याला तसं नाही. नांदेड, संभाजीनगर, हैदराबाद, पुणे, मुंबई, सगळीकडे आपण जाऊ शकतो, आणि प्रत्येक ठिकाणी पोचायला वेगळे पैसे आणि वेगळा वेळ लागतो. म्हणून एक कागद घ्या आणि परभणीच्या घरापासून श्रीनगरच्या हॉटेलपर्यंतचा चौघांचा खर्च मांडा: रेल्वे, स्टेशन ते विमानतळ टॅक्सी, मध्ये मुक्काम पडत असेल तर लॉज, जेवण, आणि मग विमान. मुंबईहून दिसलेलं स्वस्त तिकीट या कागदावर बऱ्याचदा महाग निघतं.

तुमच्यासाठी मला सगळ्यात बरा वाटतो तो मार्ग असा: जाताना सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि दिल्लीहून श्रीनगर विमान. सचखंड नांदेडहून सकाळी निघते, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोचते. वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, आपलं ताट-डबा सोबत ठेवायचा. लेकरांना तो प्रवास आवडतो. दिल्ली ते श्रीनगर विमान दीड तासाच्या आसपासचं, आणि दिवसाला भरपूर विमानं, त्यामुळे निवडीला वाव राहतो. पण गाडी पोचेल त्याच दिवसाचं विमान चुकूनही घेऊ नका. लांबची गाडी आहे, उशीर होतोच, आणि रेल्वेच्या उशिरामुळे विमान चुकलं तर विमान कंपनी काही देणं लागत नाही. एक रात्र दिल्लीत काढा, सकाळचं विमान घ्या.

येताना मात्र विमानानेच जास्तीत जास्त जवळ या. दमलेली लेकरं घेऊन पुन्हा दिवस-रात्रभर रेल्वे नको. दोन पर्याय बघा. एक, श्रीनगर ते संभाजीनगर, दिल्लीत विमान बदलून, पण एकाच कंपनीचं आणि एकाच तिकिटावर. असं तिकीट असलं की पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. संभाजीनगरहून परभणीला रेल्वे आहेच. दुसरा पर्याय, श्रीनगर ते मुंबई, दुपारपर्यंत उतरेल असं, आणि रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस. सकाळी घरी.

इथे एक अडचण येते आणि तिच्यावरच बहुतेकांचं गणित फिसकटतं. विमानाचं तिकीट कितीतरी महिने आधी निघतं, पण रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून फक्त 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे तुम्ही विमान आधी घेणार आणि रेल्वे नंतर. त्यासाठी आरक्षण उघडायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी सकाळी 8 वाजता आयआरसीटीसीवर लॉगिन करून, चौघांची नावं तिथल्या मास्टर लिस्टमध्ये (प्रवाशांच्या साठवलेल्या यादीत) आधीच भरून तयार बसा. सुट्ट्यांत सचखंडचे बर्थ लवकर भरतात. मागाहून वेटिंगवर राहिलात आणि तत्काळ किंवा ट्रॅव्हल्सने धावपळ करत दिल्ली गाठली, तर विमानात वाचवलेले सगळे तिथेच गेले.

आता तिकिटाच्या दराबद्दल. एकाच विमानात एकाच रांगेत बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, कारण कंपनी जागा पायऱ्यांनी विकते. सगळ्यात स्वस्त पायरीवर थोड्या जागा, त्या संपल्या की वरची पायरी. तुम्ही रात्री बघितलेला दर सकाळी वाढतो तो तुम्ही दोनदा शोधलं म्हणून नव्हे. खालच्या पायरीच्या जागा कुणीतरी घेतल्या म्हणून. दुसऱ्या मोबाइलवरून किंवा इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) बघून काही होत नाही.

यातून एक उपाय निघतो, तो जरूर करून बघा. आधी चार प्रवासी टाकून दर बघा, मग तेच विमान एक प्रवासी टाकून बघा. माणशी दर वेगळा दिसला, तर खालच्या पायरीवर चारपेक्षा कमी जागा उरल्यात आणि सिस्टीम चौघांनाही वरचा दर लावतेय. समजा खाली 6,200 च्या तीनच जागा आहेत आणि वरचा दर 7,400. चौघांचं एकत्र काढलं तर 29,600. तिघांचं एक आणि एकाचं एक काढलं तर 18,600 अधिक 7,400, म्हणजे 26,000. त्याच विमानात, त्याच दिवशी 3,600 रुपये कमी. फक्त दोन्ही लेकरं आईच्या नाहीतर वडिलांच्या तिकिटावरच ठेवा. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) सांगितलंय की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (बुकिंग नंबरवरच्या) आई-वडिलांपैकी एकाशेजारी तरी जागा द्यायची. त्यामुळे लेकरं शेजारी बसावीत म्हणून सीट निवडायचे जादा पैसे भरायची गरज नाही. वेब चेक-इन करा, मिळेल ती जागा घ्या.

तीन महिने आधी काढावं का? मेच्या श्रीनगरसाठी हो. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते आणि अख्खा देश तिकडे निघतो, तिथे शेवटच्या क्षणी स्वस्त होईल ही आशा धरू नका. दिवस बदलता येत असेल तर मंगळवार-बुधवार बघा, शुक्रवार आणि रविवार टाळा. परभणी-नांदेडच्या एजंटाला 'सिरीज फेअर आहे का' असंही विचारा. मोठे एजंट सीझनला श्रीनगरच्या जागा घाऊक घेऊन ठेवतात, त्या कधी कधी बाजारापेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात. पण ते तिकीट रद्द झालं तर बहुतेक वेळा परत काही येत नाही, हे आधी कबूल करून घ्यावं लागतं. लेकरं सोबत असताना मी स्वतः ते घेत नाही.

अ‍ॅपवर दर तुलना करा, तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढा. काही बिघडलं तर एकाशीच बोलावं लागतं, आणि विमान सुटायला सात दिवसांपेक्षा जास्त अवकाश असेल तर काढल्यावर ठरावीक तासांच्या आत रद्द किंवा बदल विनाशुल्क करता येतो. (नवं विमान वेगळ्या दराचं असेल तर फरक भरावा लागतो.) पैसे भरताना शेवटचं पान नीट वाचा. कन्व्हीनियन्स फी (ऑनलाइन तिकिटाचं जादा शुल्क) माणशी आणि प्रत्येक फेरीला लागते, म्हणजे तुम्हाला आठ वेळा. इन्शुरन्स, जेवण यांच्यापुढच्या टिकमार्कच्या खुणा काढून टाका. आणि 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. ते मागा, हक्काचं आहे.

विमानतळाचं नावही पूर्ण वाचा. नांदेडहून स्टार एअरने सुरू केलेली दिल्लीची सेवा हिंडनला, म्हणजे गाझियाबादला उतरणारी. श्रीनगरची बहुतेक विमानं इंदिरा गांधी विमानतळावरून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून. मधल्या टॅक्सीचे पैसे आणि दोन-अडीच तास कागदावर मांडल्याशिवाय ते तिकीट घेऊ नका. मुंबईचंही आता तसंच, नवी मुंबई वेगळी आणि सांताक्रूझ-अंधेरीची टर्मिनल वेगळी.

सामान माणशी 15 किलो आणि हातात 7 किलो धरा. घरीच लटकवायच्या काट्यावर बॅगा तोला, काउंटरवर जादा किलोचा दर फार बोचतो. धपाटे, दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी हातातल्या बॅगेत खुशाल न्या, विमानतळावर चौघांच्या नाश्त्याला जे जातात ते वाचतील. तेलातलं लोणचं मात्र हातात नको, तपासणीला काढून घेतात.

श्रीनगरहून निघताना तीन तास आधी पोचा. तिथे बाहेरच्या गेटवरच सामानाची एक तपासणी होते. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज किंवा ओटीपी तुम्हाला येणारच नाही. दोघांपैकी एकाचा नंबर निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, तिकिटावर तोच टाका, आणि परतीचा बोर्डिंग पास हॉटेलच्या वायफायवर उतरवून मोबाइलमध्ये ठेवा.

तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा, देवगिरी धरायची की संभाजीनगरला उतरायचं ते त्या दिवसाचे दर बघून सांगतो.