निखळलेले इम्प्लांट आणि बधिर ओठ: दाद नेमकी कशाची मागायची?

प्रश्न: मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नागपुरात मानेवाडा भागात राहते. खालच्या जबड्यातील डावीकडचे तीन दात पडले होते. शहरातील एका दवाखान्यात 18 मार्च 2024 रोजी तिथे दोन इम्प्लांट (कृत्रिम दातांसाठी हाडात बसवायचे स्क्रू) बसवून घेतले आणि ऑगस्टमध्ये त्यांवर तीन दातांचा ब्रिज लागला. एकूण 1,38,000 रुपये दिले, पावती मात्र 60,000 चीच मिळाली. शस्त्रक्रिया बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी केली. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. मे 2025 पासून मागचे इम्प्लांट हलू लागले आणि जूनमध्ये ब्रिज काढताना ते सरळ हातात आले. दवाखान्याच्या पत्रकावर ‘आजीवन गॅरंटी’ असे छापलेले आहे. डॉक्टर आता म्हणतात की तुमच्या मधुमेहामुळे हे झाले. नवीन बसवायचे तर 45,000 द्या, नाहीतर 40,000 परत घ्या आणि मुद्रांकावर तक्रार नसल्याचे लिहून द्या. पैसे घ्यावेत का? पोलिसांत जावे का? (शस्त्रक्रियेपासून खालचा ओठ डावीकडे बधिर आहे. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही, नात सांगते तेव्हा पुसते. पण आता त्याची सवय झाली आहे.)

उत्तर: आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपण पत्राची दोन पाने निखळलेल्या इम्प्लांटवर खर्च केली आहेत आणि ओठाबद्दल शेवटी कंसात चार ओळी लिहिल्या आहेत. वकील म्हणून मी हे पत्र उलट्या क्रमाने वाचले. इम्प्लांट पडणे ही आपली तक्रार आहे. आपला दावा मात्र मुख्यतः ओठाचा आहे, आणि त्या दाव्याची मुदत संपत आली आहे.

इम्प्लांट पडले म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, असे कायदा मानत नाही. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवल्यानंतर हाड त्याला धरून वाढावे लागते, त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि सर्व काळजी घेऊनही काही रुग्णांत ही पकड बसत नाही किंवा पुढे हिरडीच्या संसर्गाने सुटते. डॉक्टर योग्य कौशल्य आणि काळजी देण्यास बांधील असतो, यशाची हमी देण्यास नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. मात्र आपल्या डॉक्टरांनी ती हमी स्वतःहून छापून दिली आहे. त्यामुळे ‘आजीवन गॅरंटी’चे ते पत्रक सांभाळून ठेवावे. दवाखाना बहुधा असे म्हणेल की गॅरंटी कंपनीची आणि फक्त स्क्रूची होती, पण पत्रकावर तसे लिहिलेले नसेल तर रुग्णाने ते गृहीत धरावे असे कोणी म्हणू शकत नाही.

मधुमेहाचा बचाव मला फारसा भक्कम वाटत नाही. पहिल्या भेटीत भरलेल्या फॉर्मवर आपण ‘मधुमेह, गोळ्या चालू’ असे लिहिल्याचे कळवले आहे. साखर आटोक्यात असलेल्या रुग्णाला इम्प्लांट बसवता येते, पण त्याआधी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी करून घेणे ही प्राथमिक दक्षता आहे. ती तपासणी न करताच शस्त्रक्रिया केली असेल, तर मधुमेहाचे कारण पुढे करणारे डॉक्टर स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत आहेत. एक प्रश्न मला विचारावाच लागतो, कारण समोरचे वकील तो नक्की विचारतील: तंबाखू, खर्रा किंवा गुडाखूची सवय कधी होती का? आपल्या शहरात हा प्रश्न कोणालाही अपमानाचा वाटू नये. असेल तर ते आपल्या वकिलापासून लपवू नये.

आता ओठाविषयी. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मोठी नस जाते आणि लहान दाढांच्या आसपास हाडातील एका छिद्रातून बाहेर पडून ओठ व हनुवटीला संवेदना देते. इम्प्लांट लांबीने जास्त असेल किंवा ड्रिल खोल गेले, तर ही नस दाबली जाते किंवा दुखावते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी हाडाची उंची मोजतात, नसेपासून साधारण 2 मिलिमीटर अंतर राखून लांबी ठरवतात, आणि साध्या ओपीजीवरून (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवरून) खात्री होत नसेल तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करतात. भूल उतरण्याची वेळ टळून गेल्यावरही ओठ जागा झाला नाही, तर रुग्णाला तातडीने बोलावून पुन्हा एक्स-रे चित्र काढणे आणि इम्प्लांट नसेवर टेकलेले दिसल्यास ते लगेच काढणे किंवा मागे घेणे अपेक्षित असते, कारण पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत दाब निघाला तर संवेदना परतण्याची शक्यता बरीच जास्त असते. आपण 19 मार्चला सकाळी दवाखान्याला मेसेज केला, ‘ओठ अजून जागा झाला नाही’, आणि उत्तर आले, ‘बी-12 च्या गोळ्या घ्या, महिन्याभरात होईल’. मला या संपूर्ण प्रकरणात या दोन ओळींइतका वजनदार पुरावा दुसरा दिसत नाही. नस दुखावणे हा एक वेळ अपघात मानला जाईल. कळूनही रुग्णाला न बोलावणे हा अपघात मानणे कठीण आहे.

मुदतीचा हिशेब येथे निर्णायक ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. इम्प्लांटपुरते कारण जून 2025 मध्ये घडले असे म्हणता येईल. ओठाचे कारण मात्र 18 मार्च 2024 लाच घडले आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्याला कळलेही होते. त्रास आजही चालू असल्याने कारण रोज नव्याने घडते, असा युक्तिवाद करता येतो, पण शक्य असताना कोणी त्याच्या भरवशावर राहू नये. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. त्यासाठी पुरेसे कारण पटवून द्यावे लागते, आणि ‘सवय झाली’ हे ते कारण नव्हे. आपले पत्र मला जानेवारी 2026 मध्ये मिळाले आहे. 17 मार्च 2026 च्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबते हा फार पसरलेला गैरसमज आहे; नोटिशीने मुदत थांबत नाही, आणि कायद्याने ती सक्तीचीही नाही. पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने अवश्य पाठवावी, पण तक्रारीचा मसुदा त्याच वेळी तयार होऊ द्यावा.

दरम्यान दोन गोष्टी कृपया करू नयेत. पुढचे इम्प्लांट अजून घट्ट आहे असे आपण लिहिता. कोणत्याही डॉक्टरने सुचवले तरी ते स्कॅन केल्याशिवाय काढू देऊ नये, कारण नसेवर नेमके कोणते इम्प्लांट टेकले हे त्याच्या जागेवरूनच समजेल, आणि नसेजवळच्या त्या छिद्रापाशी तेच आहे. जे पडले ते फेकले नसेल अशी आशा आहे. एका डबीत तारीख लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट मुद्रांकाची. 40,000 रुपये घेऊन ‘माझी कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही’ असे लिहून दिले, तर ती ओळ इम्प्लांटबरोबर ओठालाही लागू होईल. पुढे दबावाखाली सही केली असे म्हणता येते, पण निवृत्त शिक्षिकेने ते म्हणणे आयोगाला पटवणे अवघड आहे. तडजोडीस माझा विरोध नाही. तक्रार दाखल झाल्यावर आयोग कलम 37 खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि तेथे झालेली तडजोड दवाखान्याच्या टेबलावर सही केलेल्या कागदापेक्षा अधिक सुरक्षित असते.

कागदपत्रांसाठी दवाखान्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दंतवैद्यांच्या 2014 च्या आचारसंहितेनुसार उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे नोंदी जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्याव्या लागतात. अर्जात शस्त्रक्रियेआधीचे व नंतरचे एक्स-रे, संमतिपत्र, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक, आणि इम्प्लांटच्या खोक्यावरील स्टिकर मागावे. हे स्टिकर बहुतेकांना माहीत नसते. त्यावर कंपनी, लॉट क्रमांक, व्यास आणि लांबी असते. समजा त्यावर लांबी 11.5 मिलिमीटर असेल आणि आधीच्या चित्रात नसेपर्यंतचे हाड 11 मिलिमीटर दिसत असेल, तर पुढे फार युक्तिवाद करावा लागणार नाही.

संमतिपत्र इंग्रजीत होते आणि भुलीचे इंजेक्शन दिल्यानंतर खुर्चीवरच सही घेतली, असे आपण लिहिता. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले गेले पाहिजेत. कवळीचा पर्याय कोणी सांगितला होता का, आणि ओठ कायमचा बधिर होऊ शकतो हे कोणी बोलले होते का, एवढे दोनच प्रश्न शपथपत्रात पुरेसे आहेत.

तज्ज्ञांचे मत प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही, असे किशन राव प्रकरणात 2010 मध्ये ठरले आहे. तरीही आपल्या प्रकरणात ते घ्यावे असा माझा आग्रह आहे. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात केसपेपर काढून ओठाच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. कापूस आणि टाचणीच्या टोकाने ते बधिर भागाची हद्द आखतात. तो नकाशा आणि स्कॅनचा अहवाल तारखेसह तक्रारीला जोडावा. महाविद्यालयातील डॉक्टर खासगी डॉक्टरांविरुद्ध मत देतीलच असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या केसपेपरवर ‘बधिरता’ हा शब्द आला तरी आपले निम्मे काम होते.

तक्रार सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल. जिल्हा आयोगाची मर्यादा आता दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि ती 50 लाखांपर्यंत आहे. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून पुण्यातील आपला मुलगाही कागद भरू शकेल. दवाखान्याचे मालक आणि बाहेरून आलेले डॉक्टर या दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करावे. बाहेरच्या माणसाने केले असे सांगून दवाखाना जबाबदारीतून सुटत नाही. पावती नसलेल्या 78,000 रुपयांसाठी पासबुकातील पैसे काढल्याच्या नोंदी आणि खर्चाचा व्हॉट्सॲपवरील अंदाज पुरेसा आधार देतील. पावती न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तोही मुद्दा मांडावा. मागणी मात्र बेताची ठेवावी: दिलेली रक्कम, पुढील उपचारांचा खर्च, ओठासाठी वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. 1,38,000 च्या प्रकरणात अर्धा कोटी मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. त्यांचे पहिले पान वाचतानाच खंडपीठाचा चेहरा बदलतो.

डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे 1995 च्या शांता प्रकरणापासून ठरलेले आहे. मे 2024 मध्ये आम्हा वकिलांना त्या कायद्यातून वगळताना सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी डॉक्टरांबाबतही फेरविचार व्हावा असे म्हटले होते, पण नोव्हेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नसल्याचे सांगितले. म्हणजे आपण डॉक्टरांविरुद्ध आयोगात जाऊ शकता; मी मुदत चुकवली तर माझ्याविरुद्ध तिथे जाता येणार नाही. म्हणून तारीख आपणही लिहून ठेवावी.

पोलिसांत जाऊ नये असे माझे मत आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणापासून (2005) डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधा नव्हे, तर अत्यंत गंभीर निष्काळजीपणा लागतो, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत आल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असे निर्देश आहेत. त्यात महिने जातील आणि आपल्या हातात महिने नाहीत. राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येईल. ती नोंदणीवर कारवाई करू शकते, पैसे देववू शकत नाही. ही तक्रार नंतरही करता येईल.

मुलाने नवीन मोबाइल पाठवला आहे आणि जुना बदल्यात देणार आहात, असे आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे. तो देऊ नये. 19 मार्चचा मेसेज त्याच फोनमध्ये आहे, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडताना तो कोणत्या उपकरणातून काढला हे लिहावे लागते. छापील प्रत काढावी, चॅट मुलाला ईमेल करावे, आणि फोन चार्ज करून कपाटात ठेवावा.