चर्चमधल्या जुन्या कबरींवर उलटी मशाल आणि अस्थिकलश का कोरलेले असतात? ही ख्रिस्ती चिन्हं आहेत का?

नाही, मुळात ती ख्रिस्ती नाहीत. दोन्ही प्राचीन रोमकडून आलेली आहेत. रोमन लोक बराच काळ मृतांचं दहन करून रक्षा कलशात ठेवत. पुढे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून दगडी शवपेट्यांत पुरण्याची रीत वाढली. त्या पेट्यांवर मशाल खाली करून तिच्यावर रेललेली पंखवाली मुलं कोरलेली दिसतात. आयुष्याची ज्योत मालवली, इतका साधा अर्थ.

खरा प्रश्न असा की मृतांना पुरणाऱ्या ख्रिस्ती युरोपने हे सगळं हजार-दीड हजार वर्षांनी का उचललं? याचं उत्तर रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये दोन पोपांच्या स्मारकांत सापडतं. पोप अलेक्झांडर सातवे यांचं स्मारक शिल्पकार बर्निनीने 1678 मध्ये पूर्ण केलं. त्यात लालसर दगडाच्या जड पडद्याखालून सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा सांगाडा बाहेर येतो आणि हातातलं वाळूचं घड्याळ वर धरतो. वेळ संपली! बघणाऱ्याला धडकी भरावी हाच हेतू. त्याच वास्तूत 1792 मध्ये शिल्पकार कानोव्हाने घडवलेलं पोप क्लेमेंट तेरावे यांचं स्मारक उभं राहिलं. इथे सांगाडा नाही. पंख असलेला एक देखणा तरुण सिंहाशेजारी उलटी मशाल घेऊन उदास बसला आहे. हाही मृत्यूच, पण त्याची भीती वाटत नाही.

मधल्या काळात हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांची उत्खननं सुरू झाली होती. 1769 मध्ये जर्मन लेखक लेसिंगने एका निबंधात मांडलं की प्राचीन लोक मृत्यूला सांगाडा म्हणून नव्हे, तर निद्रेचा भाऊ म्हणून दाखवत. योगायोग असा की पोप क्लेमेंट वारले तेही त्याच वर्षी. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. नरकाचा धाक मागे पडला आणि मागे राहिलेल्यांच्या दुःखाला दगडात जागा मिळाली.

हे दुःख सगळ्यात सुंदर दिसतं ते व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये. ऑस्ट्रियाची राजकन्या मारिया क्रिस्टिना हिचं हे स्मारकही कानोव्हाचंच, 1805 मध्ये पूर्ण झालेलं. संगमरवरी पिरॅमिड, त्याला उघडं काळोखं दार आणि पायऱ्या चढून त्या दाराकडे निघालेली माणसं. एक स्त्री अस्थिकलश छातीशी धरून पुढे चालली आहे. मागे एक थकलेला म्हातारा आहे. वर मारियाच्या चेहऱ्याभोवती स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आहे, म्हणजे अनंतकाळ. विशेष म्हणजे तिचा देह तिथे नाहीच, तो राजघराण्याच्या तळघरात आहे. कलशसुद्धा निव्वळ प्रतीक.

तुटलेला खांब दिसला, तर तो बहुधा अकाली गेलेल्या माणसाचा किंवा घराच्या कर्त्याचा.

ही भाषा कंपनीच्या काळात आपल्याकडेही आली. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत पिरॅमिड आणि उंच निमुळते स्तंभ दाटीने उभे आहेत. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सची कबर त्यातलीच. मुंबईत असाल तर फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जा. तिथे 1811 मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं संगमरवरी स्मारक आहे. काशी आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरला आहे, तो जरूर शोधा.