व्हीएबाहेरचा डॉक्टर : आधी मंजुरी, मग अपॉइंटमेंट

प्रश्न : माझे यजमान अमेरिकी लष्करातून निवृत्त झाले आहेत. व्हीएच्या (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या) रुग्णालयात गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख दीड महिन्यानंतरची मिळते आहे. घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे व्हीएच्या खर्चाने जाता येईल का?

उत्तर : बहुधा येईल. २०१८ च्या मिशन कायद्याने आणलेली ‘कम्युनिटी केअर’ योजना ६ जून २०१९ पासून लागू आहे. तज्ज्ञ डॉक्टरांची भेट व्हीएमध्ये २८ दिवसांत मिळत नसेल किंवा तिथे गाडीने पोहोचायला सरासरी ६० मिनिटांहून जास्त लागत असतील, तर बाहेर जाता येते. नेहमीचे डॉक्टर आणि मानसोपचार यांच्यासाठी हीच मर्यादा २० दिवस आणि ३० मिनिटांची आहे. बाहेरचे उपचारच रुग्णाच्या हिताचे आहेत, असे व्हीएचे डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवले, तरी चालते. व्हीएमध्ये नावनोंदणी मात्र हवी. ती नसेल तर आधी १०-१०ईझेड हा फॉर्म भरा.

गाडी अडते ती मोजणीत. दिवस धरतात ते भेट मागितल्यापासून. पण डॉक्टरांशी बोलून तुम्हीच पुढची तारीख पसंत केली असेल, तर मोजणी त्या तारखेपासून होते. प्रवासाचा वेळ नोंदवलेल्या पत्त्यावरून काढला जातो, म्हणून घर बदलले असेल तर पत्ता आधी दुरुस्त करून घ्या.

व्हीएच्या डॉक्टरांकडे रेफरल (दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवण्याची शिफारस) मागताना ‘कम्युनिटी केअर’ हे शब्द स्पष्ट सांगा. पुढचे काम त्याच रुग्णालयातल्या कम्युनिटी केअर विभागाचे. मनात एखादे डॉक्टर असतील तर नाव सुचवा, पण ते व्हीएच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार केलेल्या डॉक्टरांमध्ये, असायला हवेत. हे नेटवर्क अमेरिकेच्या पूर्वेकडे ऑप्टम ही कंपनी सांभाळते आणि पश्चिमेकडे ट्रायवेस्ट. मंजुरीचे पत्र हाती आल्याशिवाय तपासणीला जाऊ नका, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मागाहून मंजुरी मिळवणे फार जिकिरीचे होते.

ते पत्र नीट वाचा. रेफरल क्रमांक, कोणते उपचार आणि कधीपर्यंत, हे त्यात असते. डॉक्टरांनी त्यापलीकडची शस्त्रक्रिया किंवा जादा फिजिओथेरपी सुचवली, तर त्यांच्या कार्यालयाने १०-१०१७२ हा फॉर्म व्हीएकडे पाठवून होकार येईपर्यंत थांबायचे असते. बरीच बिले इथेच अडकतात. काउंटरवर पैसे मागितले तर देऊ नका, रेफरल क्रमांक दाखवा. तुमच्या वाट्याचा को-पे असलाच, तर त्याचे बिल व्हीए स्वतः पाठवते.

प्रश्न : रात्री छातीत दुखू लागले तर मंजुरी कुठून आणायची?

उत्तर : आणायची नाही. ९११ ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा. फक्त उपचार सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत व्हीएला कळवले गेले पाहिजे. रुग्णालय ते ऑनलाइन कळवू शकते, किंवा ८४४-७२४-७८४२ या क्रमांकावर फोन करता येतो. रुग्णालयाने कळवले असेलच, असे धरून बसू नका. घरातल्या कोणीही फोन केला तरी चालतो. आत्महत्येचे विचार अनावर झाले असतील, तर बहुतेक माजी सैनिकांना नावनोंदणी नसतानाही कोणत्याही इमर्जन्सीत मोफत उपचार मिळतात. ही सोय १७ जानेवारी २०२३ पासून आहे. अशा वेळी कागदपत्रांचा विचारही करू नका.

प्रश्न : साधा ताप, खोकला असेल तर?

उत्तर : नेटवर्कमधल्या अर्जंट केअरमध्ये (किरकोळ पण लगेच दाखवायच्या दुखण्यांच्या दवाखान्यात) रेफरलशिवाय जाता येते, मात्र गेल्या २४ महिन्यांत व्हीएतर्फे एकदा तरी उपचार घेतलेले असावेत. तातडीची औषधे नेटवर्कमधल्या दुकानातून १४ दिवसांपर्यंतची मिळतात. कायमच्या गोळ्यांची चिठ्ठी व्हीएच्या फार्मसीकडे जायला हवी.

प्रश्न : आम्ही सहा महिने भारतात असतो. तिथेही हे चालते का?

उत्तर : कम्युनिटी केअर चालत नाही. परदेशासाठी फॉरेन मेडिकल प्रोग्राम आहे, पण तो लष्करी सेवेमुळे जडल्याचे व्हीएने मान्य केलेल्या आजारांपुरताच. निघण्यापूर्वी १०-७९५९एफ-१ फॉर्मने नोंदणी करून टाका. क्लेम उपचारानंतर दोन वर्षांच्या आत पोहोचावा लागतो. त्यासाठी निदान लिहिलेले, बाबवार बिल तिथल्या तिथेच मागून घ्या. नुसत्या पावतीवर काम होत नाही.