चित्रकारांच्या जुन्या पत्रांतली महत्त्वाची पत्रं निवडायची कशी? निवडू नका

प्रश्न असा आहे की, साताऱ्यातले आजोबा ड्रॉइंग मास्तर होते, त्यांना चित्रकारांची आणि कलेच्या अभ्यासकांची आलेली पत्रं ट्रंकेत सापडली आहेत. त्यातली महत्त्वाची निवडून एखाद्या संग्रहालयाला द्यायची आहेत, तर निवड कशी करावी आणि कुठे द्यावीत?

निवड करूच नका. कुठे द्यायची ते नंतर बघू. आधी ती ट्रंक आहे तशी बंद करा आणि 'चला, जरा आवरून टाकू' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिच्यापासून लांब ठेवा.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात ही निवड झालेली आहे. माझे वडील, अण्णा, सांगलीत एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत नाटकाचे पडदे रंगवायचे. विष्णुदास भाव्यांच्या गावात पडदे रंगवणाऱ्याला कामाची कधी वाण नव्हती. त्यांच्याबरोबर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला एक मित्र मुंबईतच राहिला आणि पुढे त्याचं नाव झालं. पुण्याचे एक अभ्यासकही होते, वाई-मेणवलीकडच्या वाड्यांतल्या भित्तिचित्रांवर काम करणारे. या दोघांशी अण्णांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. नावं लिहीत नाही, दोघांच्याही घरी आज मुलंबाळं आहेत.

अण्णा आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट ठेवायचे. पाकिटावर उत्तर दिल्याची तारीख टाकायचे आणि आपण काय लिहिलं त्याचा मसुदा शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवायचे. म्हणजे त्या ट्रंकेत दोन्ही बाजू होत्या, प्रश्नही आणि उत्तरही.

अण्णा गेले त्या वर्षी माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, ट्रंक उघडून बसला. म्हणाला, "नाव असलेल्या माणसाची तेवढी काढू या, बाकी सगळी रद्दी." मुंबईचा मित्र पत्राच्या समासात शाईने चित्रं काढायचा. चाळीतला जिना, लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या काढणारा माणूस, कधी नुसता चहाचा कप. दादाने ती चित्रं कात्रीने कापली, माउंट केली, फ्रेम केली आणि बैठकीत लावली. दिसतात सुरेख, नाही म्हणत नाही. पण कागदाला मागची बाजूही असते. एका कापलेल्या पत्राचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे. अण्णांनी विचारलं होतं की पडदा गुंडाळला की रंगाचे पापुद्रे का सुटतात. रंग धरून ठेवायला त्यात सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, घालतात; त्याबद्दल मित्राने लिहिलंय: "सरस जास्त झाला की रंग तडकतो. आदल्या रात्री भिजत घाल, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून पातळ कर, उकळू मात्र देऊ नकोस, उकळला की त्याची चिकटाई जाते. आणि खडूला प्रमाण" एवढंच. पुढचं वाक्य चहाच्या कपाच्या पाठीमागे आहे, आणि तो कप माउंटबोर्डाला फेविकॉलने चिकटवलेला आहे.

दादाचं म्हणणं होतं, "चित्र महत्त्वाचं की सरस?" या एका वाक्यावरून आमचं कित्येक वर्षं वाजलं. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं. चहाचा कप त्या चित्रकाराने शेकडो वेळा काढला असेल. सरस आणि खडूचं प्रमाण कुठल्याही कलेतिहासात छापलेलं मिळत नाही. पडद्यांची चित्रकला नष्ट झाली, कारण पडदे फाटले आणि रंगवणाऱ्यांनी कृती कुठे लिहून ठेवल्या नाहीत. जिथे एकाने लिहिली होती, तिथे आम्ही कात्री चालवली.

अभ्यासकांच्या पत्रांचं तर विचारूच नका. त्यांना दादाने हातच लावला नाही, कारण त्यांत चित्र नाही आणि नावही लोकांना माहीत नाही. एका पत्रात ते विचारतात की वाईजवळच्या अमुक वाड्याच्या माजघरात हत्तीची झूल हिरवी आहे, तो हिरवा एकाच रंगाचा आहे की निळीवर पिवळा चढवलेला? नुसतं हे पत्र वाचलं तर त्याला काही अर्थ नाही. पण अण्णा एसटीने तिकडे गेले होते, आणि वहीत मसुदा आहे: "खालच्या पट्ट्यात ओल येऊन पोपडे सुटले आहेत. एका पोपड्याच्या कडेला खाली निळा थर स्पष्ट दिसतो, वर पिवळा. नखाने खरवडून पाहिले नाही." तो वाडा पुढे पडला. ती झूल कशी रंगवली होती हे आता त्या शाळकरी वहीतच काय ते शिल्लक आहे, आणि ती वही रद्दीच्या ढिगात गेली होती.

म्हणून सांगते, एका बाजूची पत्रं म्हणजे अर्धाच संग्रह. जगातला सगळ्यांत गाजलेला पत्रसंग्रह बघा. डच चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांच्या २००९ सालच्या संपूर्ण आवृत्तीत ९०२ पत्रं आहेत. त्यातली ८१९ विन्सेंटने लिहिलेली आणि फक्त ८३ त्याला आलेली. थिओने भावाची पत्रं जपली, विन्सेंटने आलेली फारशी जपली नाहीत. एवढ्या मोठ्या संवादात थिओ काय म्हणाला हे बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच ओळखावं लागतं. आणि त्या ८१९पैकी कितीतरी पत्रांत आहे काय? रंगाच्या ट्यूब पाठव, कॅनव्हास संपला, पैसे कधी येतील. आमच्याकडे ही पत्रं असती तर दादाने 'पैशाची पत्रं' म्हणून पहिल्यांदा तीच बाजूला टाकली असती.

आपल्याकडचं उदाहरण याहून वाईट आहे. चित्रकार अमृता शेरगिलच्या आईवडिलांनी ती घरी नसताना तिला आलेली, तिने जपून ठेवलेली पत्रं जाळून टाकली. तिने वडिलांना लिहिलेलं त्याबद्दलचं पत्र मात्र उरलं. घरच्यांनी केलेली निवड अशी असते. तिने स्वतः लिहिलेली पत्रं ज्यांच्याकडे गेली त्यांनी ठेवली, म्हणून २०१० साली तिचा भाचा विवान सुंदरम यांना ती दोन खंडांत छापता आली.

आणि हे आपल्या भागातल्या माणसांना सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईला सापडलेल्या कागदांवर. मिरजेला शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं आयुष्यभर बसून छापली. तोफा कुठून आणल्या, कर्ज किती झालं, कोण आजारी आहे, सगळं छापलं. त्यांनी फक्त बड्या सरदारांची पत्रं निवडली असती तर आज पेशवाईचा अर्धा इतिहास आपल्याला कळला नसता. राजकारणाच्या कागदाला आपण हा मान देतो आणि चित्रकाराच्या कागदाचं मात्र कात्रण करतो.

दादाने निवडलेल्या पत्रांचं पुढे काय झालं तेही सांगते. त्याचं घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, तेव्हा पत्रं लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर मी ती सांगलीतल्याच विश्रामबागला आणली. फाउंटन पेनची निळी शाई विरघळून कागदभर पसरली होती, काही पानं तर नुसती आकाशी झाली होती. बॉलपेन बऱ्यापैकी टिकलं. पेन्सिल भिजली तरी जात नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. पत्रांवर काही नोंद करायचीच झाली तर मऊ पेन्सिलीनेच करा. कागद कधी भिजलेच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात नको. थोडे असतील तर टीपकागदाच्या घड्यांमध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा आणि टीपकागद बदलत राहा. ढीग असेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि सावकाश एकेक काढायला वेळ मिळतो.

आता कुठे द्यायची. साताऱ्यातच राहावीत असा हट्ट धरू नका. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी जमवलेला जुन्या कागदपत्रांचा संग्रह साताऱ्यातून १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. गावातल्या लोकांना त्याचं वाईट वाटतं ते मी समजू शकते. पण पुण्यात एकत्र असलेला संग्रह साताऱ्यात दहा घरांत विखुरलेल्या संग्रहापेक्षा बरा. मूळ कागद घरातच ठेवायचे असतील तर तोही मार्ग आहे. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने आपल्याकडच्या कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट यांच्या संग्रहांचं स्कॅनिंग करून ते अभ्यासकांना खुलं केलं आहे. तुमच्या आजोबांचा संग्रह तेवढा मोठा नसेलही, पण पद्धत तीच. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालायचा नाही. पोस्टाचा शिक्का, कागदाचा वॉटरमार्क, घडी हे स्कॅनमध्ये नीट येत नाही, आणि तारीख नसलेल्या पत्राची तारीख बहुतेक वेळा शिक्क्यावरूनच लागते.

कुठल्याही संस्थेत गेलात तरी आधी विचारा की सगळं घेणार का. 'आम्ही चांगली तेवढी ठेवू' असं उत्तर आलं तर चहा घेऊन परत या. आमच्या बाबतीत एका संस्थेने मित्राची पत्रं मागितली आणि वह्या परत केल्या, म्हणून मी काहीच दिलं नाही. घेणार असतील तर दानपत्र आणि पानवार यादी, दोन्हीवर सही-शिक्का घ्या. पाकिटं पत्रांपासून वेगळी करू देऊ नका. आजोबांनी ज्या क्रमाने गठ्ठे बांधलेत तो क्रम मोडायचा नाही, तुम्हाला तो विचित्र वाटला तरी.

दोन गोष्टी राहिल्या. कागद तुमचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागे वारसांचा असतो, त्यामुळे पत्रं फेसबुकवर टाकत सुटू नका. आणि पत्रांत कुणाच्या घरातली भांडणं, आजारपणं निघाली तर ती फाडायची नाहीत. वेगळ्या पाकिटात घालून 'इतकी वर्षं उघडू नये' अशी अट दानपत्रात लिहिता येते. थिओची बायको योहाना व्हॅन गॉगने १९१४ साली पत्रं छापताना काही मजकूर गाळला होता. मूळ कागद तिने जपले होते, म्हणून पुढच्यांना तो परत घालता आला.

आजोबांची स्वतःची वही, हिशोबाची डायरी, रंगांच्या दुकानाची बिलं ट्रंकेत असतील तर तीही यादीत धरा. यादी झाली की इथेच खाली लिहा. सांगलीहून सातारा काही लांब नाही, मी येऊन बघेन.