पटियालाच्या कारखान्यात रिबिल्ट (नव्याने बांधणी) झालेल्या डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं एचओ (१:८७ मापाचं) मॉडेल करतोय. डब्ल्यूडीजी-३ए या मालगाडीच्या इंजिनाची बोगी (चाकांचा खालचा सांगाडा) चालेल का? मोटर कुठली घ्यावी?

नाही चालणार. जरा चिडून लिहितोय, कारण याच बोगीच्या वादापायी माझे एकदा मार्क कापले गेलेत.

बारा-तेरा वर्षं झाली. एका प्रदर्शनात माझं इंजिन ठेवलं होतं. बॉडी प्लास्टिक शीट कापून केलेली, शॉर्ट हूडवर (इंजिनाच्या आखूड नाकावर) हाताने रंगवलेला नंबर, त्यापुढे रिबिल्टचा 'आर'. खाली अमेरिकन अल्को कंपनीच्या आरएसडी इंजिनाच्या जुन्या मॉडेलमधून काढलेल्या ट्रायमाउंट (वजन तीन जागी घेणाऱ्या) बोग्या. परीक्षक आले, वाकले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "इंजिन ३१०० हॉर्सपॉवरचं आणि बोगी २६००च्या जमान्यातली? रिबिल्ट आहे ना? मग बोगी नवी हवी." मी तोंड उघडेपर्यंत वहीत काहीतरी खरडून ते पुढच्या टेबलाशी पोचले होते. मला तिसरा नंबर. पहिल्या नंबरवाल्याच्या इंजिनाला कॅटल गार्डच (समोरची गुरं हटवणारी जाळी) नव्हता, पण ते जाऊ दे.

रात्री मामांना फोन लावला. मामा डिझेल शेडमध्ये फिटर होते. ते हसतच सुटले. "अरे, ताकद वाढली ती वर. टर्बो बदलला, पिस्टन बदलले, फ्युएल पंप मोठे आले. बोगीचं काय? धुवायची, तडे तपासायचे, झिजलेलं बदलायचं आणि त्याच जातीची परत खाली सारायची."

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गेलो. फलाटाला लागलेल्या इंजिनाची बोगी नीट दिसत नाही, मधे एक रूळ सोडून पलीकडच्या फलाटावर उभं राहावं लागतं. अर्ध्या तासाने एक 'आर'वालं आलं. तेलाने काळीकुट्ट झालेली बोगी, पण मधलं चाक सरळ दिसत होतं, बरोबर मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं. ट्रायमाउंटच. धडाधड फोटो काढले.

तुम्हीही हीच खूण बघा. ट्रायमाउंटमध्ये ॲक्सलमधली अंतरं असमान असतात आणि वजन तीन जागी बसतं, साठ टक्के सेंटर पिव्हॉटवर (मधल्या खुंटीवर), उरलेलं बाजूच्या दोन पॅडवर. डब्ल्यूडीजी-३एची हाय ॲडहेजन (रुळावर घट्ट पकड घेणारी) बोगी वेगळ्याच घराण्यातली. तिथे पिव्हॉट वजन घेतच नाही, चार रबर पॅड घेतात. ती ३३०० हॉर्सपॉवरच्या डब्ल्यूडीएम-३डीखाली शोभते. माझ्या मते परीक्षकांनी ३ए आणि ३डीची गल्लत केली होती, पण परीक्षकाला कोण सांगणार!

बसवताना एकच सांभाळा, पुढची आणि मागची बोगी एकमेकींच्या आरशातल्या असतात. मी पहिल्या वेळी दोन्ही एकाच दिशेने लावल्या होत्या.

मोटरचं म्हणाल तर डोनर मॉडेल (ज्यातून बोग्या काढताय ते) चांगलं चालत असेल तर आतली आहे तीच ठेवा.

हां, आरएसडीची चाकं थोडी लहान पडतात. आपली १०९२ मिलीमीटरची, म्हणजे एचओत साडेबारा, अमेरिकन ४० इंची चाक पावणेबाराच्या आसपास. मी तशीच ठेवली. आणि आपलं १६७६चं ब्रॉडगेज ८७ने भागलं तर सव्वाएकोणीस येतं, पळवतो मात्र सगळे साडेसोळाच्या रुळावर. त्याबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.

अजून एक, मी सांगतो म्हणून कापायला बसू नका. ज्या नंबरचं इंजिन करताय त्याचा बाजूचा फोटो आधी मिळवा. माझा स्टेशनवरचा फोटो लॅमिनेट करून मॉडेलच्या खोक्यातच ठेवलाय. दर प्रदर्शनाला सोबत नेतो. ते परीक्षक काही पुन्हा भेटले नाहीत.