पळस फुलला, आता सुरुवात कशी करावी?

नव्याने झाडे पाहू लागलेल्या तुम्हाला माझा पहिला आग्रह असा की, यादी वाढवण्याऐवजी नागपूरच्या काटोल रोडच्या किंवा हिंगण्याच्या बाजूचे, घरापासून जवळचे एकच झाड निवडा आणि फेब्रुवारीपासून दर आठवड्याला त्याच्याकडे जा.

दुरून लाल दिसले की तो पळसच, असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. खाली पडलेले फूल उचलून नीट पाहा: पळसाचे केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे असते आणि त्याच्या बुडाशी काळपट तपकिरी, मखमली वाटी असते, तशाच लाल दिसणाऱ्या काटेसावरीच्या फुलाला मात्र पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा झुबका असतो. काटेसावर ओळखताना काट्यांवर विसंबू नका, कारण ते लाल फुलांच्या पांगाऱ्यालाही असतात.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून मार्चअखेरीस उजाडताच झाडाखाली पोहोचा. मात्र ती वेचणाऱ्यांची कमाई असते, तेव्हा फुलांना हात लावू नका. बहाव्यासाठी एप्रिल-मेपर्यंत थांबावे लागेल.

शास्त्रीय नावे आणि महागडा कॅमेरा यंदा राहू द्या. पहिले फूल दिसल्याची तारीख तेवढी वहीत लिहा.