वाचकांचे प्रश्न : जुन्या एम.जी.बी.ला अधिक ताकद हवी आहे

प्रश्न : माझ्या थोरल्या काकांची 1966 सालची एम.जी.बी. रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माहीमच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली बारा वर्षे पडून होती. गेल्या दिवाळीत आम्ही ती चालू केली. शहरात ती बरी चालते, परंतु खंडाळ्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्येही दम टाकते. मित्र म्हणतात, जुने इंजिन काढून दोन लिटरचे जपानी इंजिन बसव. मिस्त्रींचे म्हणणे असे की बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवू आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलू. योग्य मार्ग कोणता?
– एक वाचक, दादर

उत्तर : इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, किती आहे, हे आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि मिस्त्रींनीही ते मोजलेले दिसत नाही. आपल्या गाडीचे 1798 सीसीचे इंजिन कारखान्यातून निघाले तेव्हा 5400 आरपीएमला 95 हॉर्सपॉवर देत होते आणि गाडीचे वजन हजार किलोच्याही आत आहे. एवढ्या ताकदीवर तिने घाट तिसऱ्या गिअरमध्ये हसतखेळत चढायला हवा. तेव्हा नवी ताकद विकत घेण्याआधी जुनी कुठे गेली, ते शोधावे.

इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. चारही आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर कमी पडणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. त्यानंतर पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही एस.यू. कार्ब्युरेटर पाहावेत. एअर क्लीनर काढून आतला पिस्टन बोटाने उचलून सोडला, की तो ‘टक्’ असा आवाज करून खाली बसला पाहिजे. तो अडकत असेल किंवा थ्रॉटलचा दांडा बोटांत खुळखुळत असेल, तर पेट्रोल आणि हवेचे प्रमाण कधीच जुळणार नाही. माहीमच्या खाऱ्या, दमट हवेत प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजने आणि स्प्रिंगाही गंजतात. मग वेग वाढला तरी ठिणगीचे टायमिंग पुढे सरकत नाही आणि इंजिन नेमके चढावर आळसावते. माझा अंदाज विचाराल, तर आपला घाट इथेच अडला आहे.

पेट्रोलचाही विचार हवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याला हवा कमी लागते, त्यामुळे कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या जुन्या सुयांवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते; किंचित जाड मिश्रण देणाऱ्या सुया बसवाव्या लागतात. इथेनॉल जुन्या रबराला खाते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते.

एवढे करूनही अधिक ताकद हवी असेल, तर पैसा हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावर, खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या इंजिनात आत येणाऱ्या हवेसाठी चार सिलिंडरना मिळून दोनच वाटा आहेत आणि मधल्या दोन सिलिंडरचा धूरही एकाच वाटेने बाहेर पडतो. इंजिनाचा श्वास कोंडतो तो इथे. जाणत्या माणसाकडून हेडच्या वाटा साफ आणि रुंद करून घ्याव्यात. हेड उतरलेच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीटा बसवाव्यात, कारण 2000 सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते आणि जुन्या बिडाच्या सीटा त्यावर झिजतात. सौम्य कॅमशाफ्ट आणि मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांची जोड दिली, तर 110 हॉर्सपॉवरच्या आसपास पोहोचता येते. शर्यतीचा कॅम मात्र घेऊ नये. तो 3000 आरपीएमच्या खाली मरगळलेला असतो आणि मुंबईत गाडी बहुतेक वेळ त्याच्या खालीच असते.

बोअर वाढवण्याचा हिशेब पाहा. मूळ बोअर 80.26 मिलिमीटर आहे. तो साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश), म्हणजे दीड मिलिमीटर वाढवला, तर क्षमता साधारण 1868 सीसी होते. वाढ जेमतेम चार टक्के. सिलिंडर झिजलेलेच असतील तर बोअरिंग करावेच लागेल, परंतु केवळ ताकदीसाठी तो खर्च करू नये.

जपानी इंजिनाचा विचार मात्र सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, ती चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसेल तरच. आपली गाडी त्या वयाची आहे. हेडचे कामही नोंदणीच्या तपासणीआधी करू नये आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात जपून ठेवावा. मात्र व्हिंटेज नोंदणी घेतल्यावर गाडी रोज ऑफिसला नेता येणार नाही, हेही आधी ठरवून घ्यावे.

शेवटी विजेविषयी. 1966 च्या एम.जी.बी.त बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते आणि वीज बनवायला अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो. आपल्या मिस्त्रींच्या हातून गेलेल्या बहुतेक गाड्या याच्या उलट जोडणीच्या असणार. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीचा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे असेल, तर ते धन अर्थिंगसाठीच बनवलेले आहे ना, याची खात्री करावी. चुकीचे जोडले तर पहिल्याच चावीला जळते. सायनच्या सिग्नलला गाडी तापते म्हणून विजेचा पंखा लावाल, तर डायनॅमो संथ वेगात त्याला पुरी वीज देऊ शकत नाही आणि बॅटरी उतरते. त्यापेक्षा रेडिएटर उतरवून आतून स्वच्छ करून घ्यावा. आणि हेडच्या कामाला हात घालण्याआधी पुढच्या डिस्क आणि मागच्या ड्रमचे ब्रेक नव्याने बांधून घ्यावेत, कारण घाट चढलेली गाडी खोपोलीकडे उतरवायचीही असते.